टीव्ही बॉक्सवर फोर-के सिनेमा पळतो, मग गेम का अडखळतो?

प्रश्न असा आहे : कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणाऱ्या एका वडिलांनी साडेतीन हजारांचा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घेतला. दुकानात ‘यावर गेमही चालतात’ असं सांगितलं, म्हणून पोरासाठी ब्लूटूथ कंट्रोलरही घेतला. सिनेमे, मालिका, मॅच सगळं फोर-केमध्ये झकास दिसतं. पण पोराला हवा तो मोबाइलवरचा फुटबॉल गेम बॉक्सच्या प्ले स्टोअरमध्ये सापडत नाही. पेन ड्राइव्हवरून टाकला तर उघडतो, पण कंट्रोलरचं एकही बटण लागू होत नाही. गाड्यांच्या शर्यतीचा गेम चालतो, पण दहा-पंधरा मिनिटांत अडखळायला लागतो. बॉक्समध्ये दोष आहे का, की दहा-बारा हजारांचा भारीतला घेतला तर काम होईल, असं त्यांनी विचारलंय.

दोष नाही. दहा-बारा हजारांचा घेतलात तर गाड्या अडखळायच्या थांबतील कदाचित. फुटबॉलच्या दोन्ही तक्रारी मात्र जशाच्या तशा राहतील. कारण त्या दोन्हींचा बॉक्सच्या किमतीशी संबंध नाही. टीव्ही, वायफाय आणि कन्सोल (टीव्हीला जोडायचं खास गेमचं यंत्र) बसवून देणं हा माझा धंदा आहे. दर दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा बैजवार सांगतो.

आधी तो फोर-केचा घोळ मिटवू. सिनेमाचं प्रत्येक चित्र आधीच तयार असतं. दाबून-दुमडून लहान केलेलं ते चित्र बॉक्सने फक्त उलगडून पडद्यावर टाकायचं. या एका कामासाठी चिपमध्ये वेगळं सर्किट कोरलेलं असतं. एच.२६५, व्हीपी९, नव्या बॉक्समध्ये एव्ही१ अशा ठरावीक पद्धतींनी दाबलेला व्हिडिओ ते सर्किट न थकता उलगडतं. सिनेमा चालू असताना बॉक्सचा मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्सचा भाग जवळजवळ रिकामे बसलेले असतात.

गेममध्ये काहीच आधी तयार नसतं. खेळाडू कुठे आहे, चेंडू कुठल्या दिशेला चाललाय, सावली कुठे पडतेय, हे दर वेळी नव्याने हिशेब करून चित्र काढायचं आणि सेकंदाला साठ वेळा काढायचं. म्हणजे एका चित्राला फक्त १६.७ मिलिसेकंद. आपल्याकडचा गुऱ्हाळाचा चरक दिवसभर टनावारी ऊस पिळतो, म्हणून कुणी त्यात वर्षाची चटणी कुटायला नेत नाही. बॉक्सवर ‘फोर-के’ लिहिलेलं असतं ते त्या चरकाबद्दल. फोर-के पडद्यावर जवळपास ८३ लाख ठिपके असतात. तेवढे स्वतः रंगवायचे झाले तर स्वस्त बॉक्सला घाम फुटतो. म्हणून तर बरेचसे फोर-के बॉक्स स्वतःचा मेनूसुद्धा १०८० रेषांत काढतात आणि मग ताणून पडद्याएवढा करतात.

एक उदाहरण घेऊ. शाओमी कंपनीचा ‘मी बॉक्स फोर-के’ भारतात २०२० साली ३,४९९ रुपयांना आला आणि घरोघरी गेला. सिनेमासाठी माल चांगला होता. पण आतला ग्राफिक्सचा भाग माली-४५० हा होता, आणि तो ओपनजीएल ईएस २.० च्या पुढे जात नाही. गेमवाले ज्या पायावर चित्र काढतात त्या पायाची ३.० ही पुढची पायरी २०१२ सालीच जाहीर झाली होती. म्हणजे २०२० च्या बॉक्सला २०१२ ची पायरी चढता येत नव्हती. आजचे बरेच गेम ३.० किंवा त्याच्याही पुढचं व्हल्कन मागतात, ते अशा बॉक्सवर सुरूच होत नाहीत. यात कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्या किमतीत त्यांनी व्हिडिओचं सर्किट नीट दिलं, बाकीच्यावर खर्च केला नाही. गिऱ्हाइकाने मागितलं होतं तेच दिलं.

रॅम आणि जागेचंही तसंच. असे बॉक्स दोन जीबी रॅम आणि आठ जीबी साठवण घेऊन येतात. सिस्टिम आपला वाटा घेते, त्यावर चार-पाच सिनेमाची ॲप बसतात, मग गेमसाठी काय उरणार? शिवाय रॅम किती यापेक्षा ती किती वेगाने माहिती पुरवते हे गेमला जास्त लागतं. सोनीच्या २०१३ सालच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) या कन्सोलमध्ये आठ जीबी रॅम होती आणि ती सेकंदाला १७६ जीबी माहिती पुरवायची. स्वस्त बॉक्समध्ये त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही वेग नसतो. म्हणून ‘प्रोसेसर क्वाड कोर आहे की हो’ हे वाक्य मला कुणी ऐकवलं की मी पुढचं बोलत नाही.

तुमचा गाड्यांचा गेम दहा मिनिटांनी अडखळतो, ते उष्णतेमुळे. बॉक्सला पंखा नसतो. प्लॅस्टिकच्या डबीत चिप बसलेली, ती डबी टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटलेली, आणि टीव्हीची स्वतःची ऊब वेगळीच. सिनेमाला फरक पडत नाही, कारण त्या वेळी चिप निवांत असते. गेममध्ये ती पूर्ण ताकदीने चालते, तापते, आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. याला उपाय आहे, आणि तो फुकटात होतो. बॉक्स टीव्हीच्या मागून काढून उघड्यावर ठेवा. बॉक्सऐवजी टीव्हीत थेट खोचायची स्टिक असेल तर सोबत मिळालेली छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शन वायर खोक्यात तशीच पडून असते, ती वापरा. आणि स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून देऊ नका. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून हमखास मिळतो तो अर्धा अँपिअर, आणि स्टिकला लागतो साधारण त्याच्या दुप्पट. गेम ऐन रंगात आला की स्टिक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होते, अशी तक्रार आली की मी आधी ती वायर कुठे खोचलीय ते बघतो.

आता फुटबॉलकडे वळतो. खरं दुखणं इथंच आहे.

गेम प्ले स्टोअरमध्ये दिसत नाही, कारण बनवणाऱ्याने तो टीव्हीसाठी दिलेलाच नाही. अँड्रॉइडच्या प्रत्येक ॲपसोबत त्याला काय काय लागतं याची यादी असते. ‘टचस्क्रीन नसली तरी चालेल’ असं बनवणाऱ्याने त्यात मुद्दाम लिहावं लागतं. लिहिलं नाही तर टचस्क्रीन लागतेच असं धरलं जातं, आणि टीव्हीवरचं स्टोअर ते ॲप दाखवतच नाही. पेन ड्राइव्हवरून टाकून तुम्ही स्टोअरला वळसा घातलात, पण गेम तर बोटाचीच वाट बघत बसलाय. कंट्रोलरचं बटण त्याच्या लेखी नाहीच. बटणाचं बोट करून देणारी मॅपिंगची ॲप मिळतात, पण ऑनलाइन गेममध्ये ती वापरून खातं बंद झालेली पोरं माझ्याकडे रडत आलीत. त्या वाटेला जाऊ नका.

मग कंपन्या टीव्हीसाठी वेगळा गेम का बनवत नाहीत? कारण बॉक्स विकत घेणाऱ्याच्या घरी नक्की काय आहे हे त्यांना सांगता येत नाही. एकाकडे कंट्रोलर आहे, शंभरजणांकडे फक्त रिमोट. कुणाचा बॉक्स एक जीबी रॅमचा, कुणाचा तीन जीबीचा. फोन माणूस तीन-चार वर्षांत बदलतो, टीव्हीचा बॉक्स बंद पडेपर्यंत वापरतो. गेम सगळ्यांना विकायचा तर सगळ्यात दुबळा बॉक्स आणि सगळ्यात साधा रिमोट धरून बनवावा लागतो. रिमोटवर फुटबॉल कसा खेळणार? पास, लॉब, शूट, धावणं, खेळाडू बदलणं, आणि दोन अंगठ्यांना कंट्रोलरवरच्या दोन स्टिक, म्हणजे छोट्या दांड्या. रिमोटवर चार बाण आणि मधलं एक बटण.

ॲपलसारख्या श्रीमंत कंपनीचंही इथंच घोडं अडलं. २०१५ साली त्यांनी ॲपल टीव्हीला पहिल्यांदा ॲप स्टोअर दिलं, आणि आता टीव्हीवर गेमचं राज्य येणार अशी हवा झाली. पण नियम असा घातला की प्रत्येक गेम सोबतच्या रिमोटवर खेळता आलाच पाहिजे, कंट्रोलरची सक्ती करता येणार नाही. वर मूळ ॲपचा आकार २०० एमबीच्या आत हवा, बाकीचा माल लागेल तसा नेटवरून उतरवायचा. आणि खेळणाऱ्याची प्रगती त्या डबीतच कायमची जपून ठेवायला जवळजवळ जागाच नाही. रिमोटची अट जून २०१६ मध्ये सुटली, आकाराची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये चार जीबी झाली. तोवर गेमवाले दुसरीकडे निघून गेले होते. माझ्या मते ॲपलची चिप तेव्हाही पुरेशी होती. गिऱ्हाइकाच्या हातात काय असेल याची खात्री देणं त्यांनी टाळलं, आणि तिथंच गाडी रुतली.

ॲमेझॉनने एप्रिल २०१४ मध्ये पहिला फायर टीव्ही आणला तेव्हा सोबत वेगळा विकायला कंट्रोलर होता, दोन जीबी रॅम होती, स्वतःचा गेम बनवणारा स्टुडिओही होता. त्याच वर्षअखेर त्यांनीच ३९ डॉलरची स्टिक काढली, एक जीबी रॅमची. लोकांना सिनेमाच बघायचा होता, त्यांनी स्टिकच उचलली. मग गेमवाल्याने कुणाला धरून गेम बनवायचा? त्याआधीचा औया बॉक्स तर खास गेमसाठीच काढला होता. २०१२ साली लोकवर्गणीतून जवळपास ८६ लाख डॉलर जमले, २०१३ मध्ये तो ९९ डॉलरला दुकानात आला, आणि जून २०१९ मध्ये त्याची ऑनलाइन सेवा कायमची बंद झाली.

हे सगळं चिपवर ढकलणाऱ्यांना मी एकच जोडी दाखवतो. एनव्हिडियाचा शील्ड टीव्ही हा बॉक्स २०१५ साली टेग्रा एक्स१ चिप घेऊन आला. २०१७ साली निन्तेन्दोचा स्विच हा कन्सोल आला, त्यातही टेग्रा एक्स१ च, आणि ती शील्डपेक्षा कमी वेगाने चालवलेली. रॅम स्विचमध्ये चार जीबी, शील्डमध्ये तीन, म्हणजे फार तफावत नाही. स्विच १५ कोटींहून जास्त विकला गेला. शील्ड हा उत्तम टीव्ही बॉक्स म्हणून ओळखला जातो. त्याला गेमचं यंत्र म्हणणारे थोडेच. चिप तीच असून असं का झालं? स्विचच्या प्रत्येक खोक्यात कंट्रोलर होता, प्रत्येक खोक्यातलं यंत्र ताकदीने सारखंच होतं, आणि घेणारा माणूस गेमसाठीच पैसे मोजून आलेला होता. एनव्हिडियाने सुरुवातीला शील्डसोबत कंट्रोलर दिला होता. २०१९ च्या शील्डसोबत तोही दिला नाही.

पैशाचं गणितही उलटं आहे. कन्सोल विकणारी कंपनी यंत्रावर फारसं कमवत नाही, कधी तोटाही सोसते, आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेमवर कमिशन घेते. म्हणून ती यंत्रात ताकद भरते. बॉक्स विकणाऱ्याला कमाई हवी असते ती ओटीटीच्या वर्गणीतून आणि जाहिरातींतून. त्यासाठी व्हिडिओ नीट चालला की झालं, गेमच्या ताकदीवर तो पाचशे रुपये जास्त का घालेल? वर आपल्याकडची एक अडचण आहेच : संध्याकाळी सात ते दहा घरातला टीव्ही मालिकांच्या ताब्यात असतो. पोराच्या वाट्याला तो येतो दुपारी, आणि पोर गेममध्ये पैसे खर्च करतं ते फोनवर, यूपीआयने. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर निवडत पासवर्ड टाकून कोण खरेदी करणार?

आता एक गोष्ट घरीच तपासा, कारण यात बॉक्सचा दोष नसतानाही खापर बॉक्सवर फुटतं. बटण दाबल्यावर पडद्यावरचा खेळाडू उशिरा हलतो. हा उशीर तीन ठिकाणी साठतो : कंट्रोलरच्या ब्लूटूथमध्ये, बॉक्समध्ये आणि खुद्द टीव्हीत. टीव्ही चित्र सुंदर करायला रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो, त्यात वेळ जातो. सिनेमात कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. फोनचा कॅमेरा २४० फ्रेमच्या स्लो-मोशनवर ठेवा, कंट्रोलर टीव्हीसमोर असा धरा की अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील, आणि बटण दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा : बटण खाली गेल्यापासून खेळाडू हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या? एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंदांपेक्षा किंचित जास्त. तीस फ्रेम आल्या तर सव्वाशे मिलिसेकंद झाले, आणि तेवढ्यात फुटबॉलमधली पेनल्टी हुकते. आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करून पुन्हा मोजा. बहुतेक टीव्हींवर आकडा दिसेल इतका खाली येतो. ब्लूटूथसाठी एक करा : वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. २.४ वर वायफाय आणि ब्लूटूथ एकाच वाटेने धक्काबुक्की करत जातात, आणि बॉक्स टीव्हीच्या मागे असेल तर कंट्रोलरचा सिग्नल आणखी दबतो.

अजून एक धोका सांगतो, कारण पुढच्या वेळी दुकानात तुम्हाला हेच दाखवतील. खोक्यावर ‘८के, १६ जीबी रॅम, गेमिंग’ असं ठळक छापलेले बिननावाचे बॉक्स. आतला आकडा खोटा असतो, कधीकधी सेटिंगमध्ये दिसणारा आकडाही बदललेला असतो. पण पैसे वाया जाणं हा त्यातला छोटा तोटा. अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून येत होतं, असं बॅडबॉक्स प्रकरणात उघड झालं आणि २०२५ साली अमेरिकेच्या एफबीआयने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. तो बॉक्स तुमच्या घरच्या वायफायवर बसून दुसऱ्यांची कामं करतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. गुगलचं प्रमाणपत्र नसलेला बॉक्स घरात आणूच नका, मग तो फुकट का मिळेना.

मग करायचं काय? बॉक्सला जे येतं तेच काम त्याला द्या. तो व्हिडिओ उत्तम उलगडतो ना? मग गेम दुसऱ्या यंत्रावर चालू द्या आणि बॉक्सकडे त्याचा नुसता व्हिडिओ येऊ द्या. घरात ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर असेल तर बॉक्सवर स्टीम लिंक किंवा मूनलाइट ही ॲप टाका. गेम कॉम्प्युटरवर, चित्र टीव्हीवर, कंट्रोलर पोराच्या हातात. कॉम्प्युटर राउटरला लॅन वायरने जोडा, जमलं तर बॉक्सही. बॉक्सचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असलं तरी भरपूर झालं, चांगल्या चित्राला २०-३० पुरतात. हीच युक्ती मी कितीतरी घरांत बसवून दिलीय आणि ती टिकते. वायफायवरही चालते, पण मधल्या भिंती आणि शेजाऱ्यांचे राउटर यांच्यावर भरवसा ठेवावा लागतो.

क्लाउड गेमिंग म्हणजे हेच, फक्त कॉम्प्युटर दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये. कल्पना वाईट नाही. कोल्हापूर-मुंबई अंतर सुमारे ४०० किलोमीटर धरलं तर फायबरमधून प्रकाशाला जाऊन-येऊन चारच मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात वाट वळणावळणाची असते, तरीही अंतरापेक्षा जास्त घोळ घरच्या वायफायमधल्या चढ-उतारांनी होतो. डेटाचा हिशेब मात्र करा : २० एमबीपीएसने तासाला नऊ जीबी जातात. आणि सेवा बंद पडण्याची तयारी ठेवा. गुगलचं स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, जानेवारी २०२३ मध्ये बंद. तंत्र चालत होतं, धंदा चालला नाही. गुगलने गिऱ्हाइकांना गेमचे पैसे परत दिले, सगळ्या कंपन्या देतीलच असं नाही.

पण तुमच्या पोराला फुटबॉल खेळायचा आहे. फुटबॉलवेड्या कोल्हापुरातलं, त्यात मंगळवार पेठेतलं पोर म्हटल्यावर त्यात नवल नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना बघून आलेल्याला घरी गाड्यांची शर्यत गोड लागणार नाही. त्यासाठी माझं स्पष्ट मत : दहा-बारा हजारांच्या बॉक्सचा विचार सोडा आणि थोडी भर घालून चांगला वापरलेला पीएस४ शोधा. फुटबॉलचा एफसी २५ हा गेमसुद्धा पीएस४ वर आला होता, जुन्या वर्षांच्या डिस्क अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात, आणि खेळून झाल्यावर त्याच डिस्क विकताही येतात. घेताना विक्रेत्याच्या घरी जाऊन निदान अर्धा तास एखादा गेम चालवून बघा. पंखा विमानासारखा ओरडायला लागला तर आत धूळ आहे किंवा चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळलीय. दुरुस्त होतं, पण तेवढे पैसे कमी करून घ्या. डिस्क घालून आणि काढून बघा. कंट्रोलरच्या स्टिकवरून अंगठा काढल्यावर खेळाडू आपोआप चालत राहिला तर ती स्टिक गेलीय. आणि तुमचं स्वतःचं खातं त्यावर ऑनलाइन उघडतंय ना, हे पैसे देण्याआधी बघा. काही यंत्रांवर कंपनीने बंदी घातलेली असते.

तुम्ही घेतलेला ब्लूटूथ कंट्रोलर पीएस४ ला थेट जोडला जाणार नाही, तिथं पीएस४ साठी बनवलेलाच लागतो. पण तो विकून टाकू नका. पुढेमागे कॉम्प्युटर आणि स्टीम लिंकची जोडणी केलीत तर तिथं तो चालेल.